तळहातावरचं भडंग

आम्रपालीचे हात पिवळे होते. सणासुदीला चोळून पिवळे केलेले नव्हेत. बारा महिने हळद निवडून, चाळून, पोत्यात भरून नखांच्या मुळापर्यंत मुरलेला पिवळेपणा. साबणानं जात नसे, राखेनं जात नसे. सांगलीच्या मंडईत तिनं हात पुढं केला की भाजीवाली ओळखायची, ही हळदीतली, आणि हळदीतली म्हणजे कुठल्या वस्तीतली हेही. काही शहाण्या बायका सुट्टे पैसे तिच्या हातावर न टेकवता टोपलीच्या कडेला ठेवायच्या. आम्रपाली ते उचलायची नाही. "हातात द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या," म्हणायची आणि मागच्या गिऱ्हाइकांनी कितीही कुरकुर केली तरी तळहात तसाच पुढं धरून उभी राहायची. शेवटी समोरचीलाच लाज वाटायची.

बापाकडून आलेली खोड होती ती. तिचा बाप, तात्या, मिरजेच्या वस्तीतला. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव, ताईत, अंगारे एका पाटीत भरून त्यानं कृष्णेत सोडले आणि परत येताना पाटीसुद्धा आणली नाही. पोरगी त्याच धारेवर वाढलेली. कुणी नजर उतरवायला मीठ-मोहरी घेतली की ती तोंडावर हसायची.

धनाजीचा जीव त्या पिवळ्या हातांवरच जडला. तो आष्ट्याचा. आई लक्ष्मीबाईनं दुसऱ्यांच्या रानात भांगलण-खुरपण करून दोन पोरं वाढवली. धाकटा प्रशांत साखर कारखान्यात चिकटला, थोरला धनाजी पाठीनं भक्कम म्हणून सांगलीला हमालीत आला. ज्या गोदामात आम्रपाली हळद निवडायची तिथंच तो पोती उचलायचा. मुंबई-पुण्याकडची पोरं ज्याला डेटिंग म्हणतात त्याला म्हणे हॉटेल लागतं, सिनेमा लागतो. या दोघांना हरिपूरचा रस्ता पुरला. संध्याकाळी गोदाम सुटलं की चिंचांच्या झाडांखालून दोघं चालत निघायची, मध्ये धनाजीची सायकल, लोकांच्या तोंडाला कुलूप म्हणून. बाजारातून आणलेली भडंगाची, तिखट चुरमुऱ्यांची, पुडी तो सोडायचा आणि सगळं भडंग तिच्या तळहातावर ओतायचा. मग तिथनंच चिमटीचिमटीनं खायचा.

ती विचारायची, पुडीतलं का खात नाहीस?

"कागदाला चव नसती," तो म्हणायचा. "तुझ्या हाताची हळद लागली की तिखट बाधत न्हाई."

ती त्याला लबाड म्हणायची आणि तळहात अजून थोडा पुढं करायची. नव्वद साली विहारात साध्या पद्धतीनं लग्न लागलं आणि हरिपूरला नदीच्या अंगाला एका खोलीचा संसार सुरू झाला.

हरिपूरला तेव्हा हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेला रांजण. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत दोन-तीन पुरुष खोल, पोट फुगलेलं. आतून सारवायचं, उसाचा पाला लावायचा, हळद ओतायची, वर फरशी आणि फरशीवर माती. वर्षं गेली तरी त्या हळदीला कीड लागत नाही, कारण किड्याला जगायला आत हवाच नसते. किड्याला नसते तशी माणसालाही नसते. म्हणून पेव फोडलं की घाई करायची नाही. तोंड उघडं टाकायचं, वारा आत जाऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर चहा प्यायचा, बिडी ओढायची आणि वाट बघायची. हे हमालांचं शास्त्र होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एक जुनं पेव फोडलं. ट्रक रस्त्यात उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, व्यापाऱ्याचा माणूस येरझाऱ्या घालतोय. नानासो मुकादमानं कंदील सोडला खरा, पण दोरी तळाला पोचायच्या आधीच वर घेतली. "जळतोय की," म्हणाला. अर्ध्या पेवात जळत होता. तळात काय होतं ते कुणी बघितलं नाही. ट्रकचं भाडं वाढत होतं ना! हमालाचा जीव काही भाड्यानं आणलेला नव्हता. कमरेला दोरी बांधून धनाजी उतरला, पाय हळदीला लागला आणि हाक मारायलाही सवड न मिळता आडवा झाला. जोडीदार सिद्धूनं दोरी ओढली, पण वरचं तोंड अरुंद, देह ढिला, खांदा अडकला. वर काढला तेव्हा तोंड निळं पडलं होतं.

मिरजेच्या दवाखान्यात तो वाचला. घरी आला तेव्हा बाहेरून बघणाऱ्याला धनाजी होता तसाच होता. तेच खांदे, तीच मिश्कील मान. आष्ट्याच्या शाळेतल्या मास्तरांची नक्कल करायचा, लग्नात कोण रुसलं होतं ते सांगायचा, आम्रपालीला आमे म्हणून हाक मारायचा. फक्त नवं काही टिकत नव्हतं. चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला की विचारायचा, आज च्या न्हाई का? सिद्धू संध्याकाळी येऊन बसायचा. धनाजी त्याला एक विनोद सांगायचा, थोड्या वेळानं तोच पुन्हा, आणि निघताना पुन्हा तोच. सिद्धू तिन्ही वेळा सारखाच हसायचा. वस्तीत याहून मोठं मन कुणी दाखवलं नाही.

झोपेतून उठला की मात्र धनाजी घाबरायचा. आपण कुठं आहोत, कामाला का गेलो नाही, अंगात जोर का नाही, काही उमगायचं नाही. भिंतींकडं बघत थरथरायचा. मग आम्रपालीनं त्याचा हात हातात घेतला की श्वास खाली बसायचा. बायको म्हणून तो तिला ओळखतच होता, पण त्या घटकेला तो तोंडाकडं बघायचाही नाही. हातात हात आला, एवढंच त्याला पुरायचं. आम्रपालीला त्या दिवसांत वाटायचं, ठीक आहे, डोकं गेलं तर जाऊ दे, एवढं शिल्लक आहे ना.

त्याच शिलकीनं घात केला.

लक्ष्मीबाई पोराला आष्ट्याला घेऊन ये म्हणून मागं लागली. चार दिवस गावची हवा. आम्रपाली घेऊन गेली. तिथं लक्ष्मीबाईनं ज्ञानू म्हाताऱ्याला बोलावलं. ज्ञानू डाग द्यायचा. पोट दुखलं, फेफरं आलं, शुद्ध गेली की विळा तापवून चटका, की आत अडलेलं निघून जातं म्हणे. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला रोज ताजा हार, आणि तसबिरीखालच्या चुलीत विळा लाल होतोय. आम्रपाली आधी ताडकन उठली. हे असलं माझ्या नवऱ्याला करायचं नाही, म्हणाली. लक्ष्मीबाई भांडली नाही. पदर तोंडाला लावून एवढंच म्हणाली, "डॉक्टरनं हात टेकलं. तू बी टेक. मी आई हाय, मी काय करू, सांग."

सांगायला आम्रपालीकडं काही नव्हतं. एवढ्या दिवसांत कुणीच तिला सांगितलं नव्हतं की धनाजीचं नेमकं काय बिघडलंय आणि ते सुधारणार की नाही. माणसाला काहीच सांगायचं नाही, कागदावर इंग्रजीत खरडून घरी पाठवायचं आणि मग तो मांत्रिकाकडं गेला की त्याच्या अडाणीपणावर व्याख्यानं द्यायची, ही शिकल्यासवरल्यांची रीत. तात्याची पोरगी त्या दिवशी खचली. हो म्हणाली.

ज्ञानूची एक रीत होती. दांडग्या गड्यांनी रोग्याला दाबून धरायचं नाही, रोगी झटापट करतो, विळा भलतीकडं लागतो. ज्याच्या हातात तो गप बसतो त्यानंच समोर बसून हात धरायचे.

आम्रपाली समोर बसली. धनाजीच्या दोन्ही मनगटांवर तिचे पिवळे हात आले. तो निवांत झाला. हसला सुद्धा. "काय गं आमे," म्हणाला. मागनं ज्ञानूनं मानेवर विळा टेकवला.

तो ओरडला तेव्हा तिच्याकडंच बघत होता. तिनं हात सोडले नाहीत. ज्ञानूनं बजावलं होतं, सोडलंस तर दुसऱ्यांदा द्यावा लागंल.

नंतर लक्ष्मीबाईनं कोरफड लावली, मांडीवर घेऊन थोपटलं. दिवस मावळायच्या आत धनाजी सगळं विसरला. मान का दुखते ते त्याला ठाऊक नव्हतं. आईच्या हातचं जेवला. मग आम्रपाली पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो द्यायला हात पुढं केला, आणि धनाजी भिंतीला जाऊन चिकटला.

त्याचं त्यालाही कळेना. हसायचा प्रयत्न करत होता, पण अंग मागं मागं जात होतं. मग माणसाचं मन करतं ते त्याचं मन करायला लागलं: कारण शोधायला. "तू कुणाशी भांडून आलीस काय? तोंड असलं का केलंयस?" दुसऱ्या दिवशी कारण वेगळं. तिच्या हाताला कसला वास येतोय. तिसऱ्या दिवशी, तू माज्याशी खोटं बोललीस. हरिपूरला परत आल्यावर तर, तुझं दुसरीकडं कुठं मन हाय काय? लांबून बोलली तर हा माणूस प्रेमानं बोलायचा. हात जवळ गेला की कोपऱ्यात. आणि झोपेतून घाबरून उठला की आता त्याला निववणारं कुणी उरलं नव्हतं. ती उंबऱ्यात बसायची, हात पदराखाली घेऊन, आणि तो आत भिंतीशी थरथरत बसायचा. दोघांच्या मध्ये एका चटईचं अंतर.

तिनं त्याला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर सुमंत नवे आले होते. त्यांनी मान तपासली, व्रण बघितला आणि त्यांचा आवाज चढला. आम्रपालीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मंडईत हात पुढं धरून उभी राहणारी बाई, पण त्या दिवशी उत्तर दिलं नाही. मग डॉक्टरांनाच काय वाटलं कोण जाणे. दारातली रांग थांबवली, खुर्ची ओढली आणि तिला बसवून सांगितलं. आधी कुणीतरी हेच केलं असतं तर ज्ञानूचा विळा तापलाच नसता.

ते म्हणाले, कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, बोटाएवढा एकेक भाग असतो. आज काय घडलं, कोण आलं, काय बोललं, ते टिकवायचं काम त्याचं. त्याला हवेची भूक फार. हवा तुटली की तो सगळ्यांच्या आधी मरतो. पेवात तो गेला. पण त्याच्या टोकाशीच बदामाएवढा एक गोळा असतो. कशाला भ्यायचं ते तो शिकतो. तो चिवट असतो. तो वाचला.

आम्रपालीच्या डोळ्यांपुढं हळदच आली. लांबट हळकुंड आणि त्याच्या बुडाशी गोल गड्डा. हळकुंड नासलं, गड्डा शाबूत राहिला.

"म्हंजे त्येंना चटका आठवत न्हाई, पर माजा हात आठवतोय," ती म्हणाली.

"हात आठवत नाही. हाताची भीती आहे. ती का आहे हे त्यांना कधीच कळणार नाही."

तिनं विचारलं, "आणि माया? ती कुठं ऱ्हाती?"

डॉक्टर म्हणाले, मायेचं एकच असं घर नाही, पण बरीचशी तिथंच शेजारपाजारी. पुन्हापुन्हा कुणाजवळ चांगलं वाटलं की मेंदूला त्या माणसाची सवय लागते, अंग सैल पडतं. लग्नाआधी तुमच्या बाबतीत तसंच झालं असणार. ते भाषणानं झालं नव्हतं, आताही भाषणानं होणार नाही. हात दाखवा, धरू नका. काहीतरी चांगलं घेऊन हात पुढं करा आणि थांबा. तो येईल तेव्हा येईल. कदाचित येणारही नाही, ही तयारी ठेवा.

तिनं ऐकलं. पण ऐकलेलं पाळायला जी उसंत लागते ती तिला मिळाली नाही. प्रशांत लक्ष्मीबाईला घेऊन हरिपूरला आला. प्रशांतला मानेवरचं खरं माहीत नव्हतं, त्या दिवशी तो कारखान्यावर होता. आईनं त्याला सांगितलं होतं की पेवातल्या दगडानं लागलंय. त्याला दिसत होतं ते एवढंच, की आईच्या मांडीवर भाऊ गुमान झोपतो आणि बायकोला बघून कोपरा गाठतो. तो वाकडा माणूस नव्हता. सरळ बोलला.

"वैनी, ह्यो तुमाला भितोय. का भितोय ते मी इचारत न्हाई. दसऱ्यापतुर बघतो. तवर न्हाई जमलं तर मी दादाला आष्ट्याला न्हेणार. तुमी बी या, पर तुमी समोर आला की ह्येचं हाल हुणार आसतील तर येऊन काय करणार?"

लक्ष्मीबाई बाजूला बसून पदराशी चाळा करत होती. तिनं तोंडातून अक्षर काढलं नाही. आम्रपालीनंही काढलं नाही. सासूचं नाव घेतलं असतं तर प्रशांत आईच्या अंगावर गेला असता, आणि हात कुणी धरले होते याचं उत्तर तरीही बदललं नसतं.

ती घाबरली. दसरा काही लांब नव्हता. एका पावसाळी दुपारी, धनाजी खुशीत असताना, ती चटईच्या अलीकडच्या कडेला बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरनं नको म्हटलेलं असताना सांगितलं. माणसामाणसांत काही बिघडलं तर कबूल करावं, माफी मागावी, मोकळं व्हावं, हेच ती आजवर शिकली होती. आष्टा, चूल, विळा, तिचे हात, काही लपवलं नाही.

धनाजी ऐकत राहिला. मानेवर हात फिरवून बघितला. मग लहान तोंड करून म्हणाला, "मी तुज्याकडं बघत हुतो?"

"व्हय."

"आणि तू सोडलं न्हाईस?"

तिनं नकारार्थी मान हलवली. तो रडायला लागला. लेकरासारखा नव्हे, जाणत्या माणसासारखा, आवाज न करता. ती पाया पडायला वाकली तर भिंतीत शिरायला बघू लागला. पावसाची सर ओसरली तोवर तो बोललेलं विसरला होता. डोळे पुसून इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, आज च्या न्हाई का? पण त्या दिवसापासून तो तिच्या नुसत्या आवाजालाही दचकायला लागला.

ज्याची माफी मागितली तो माणूस घटकाभरच तिथं होता. तेवढ्या वेळात त्याला काळीज फाटण्यापुरतं कळलं, माफ करण्यापुरता तो टिकला नाही.

डॉक्टर सुमंतांना तिनं हेही सांगितलं. ते या वेळी रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुम्हाला हलकं व्हायचं होतं. तुमचं ओझं त्यांच्याकडे ठेवायला आता जागा नाही. ते तुम्हालाच वागवावं लागेल." बसमध्ये ती हरिपूरपर्यंत उभी राहिली. बसायला जागा होती.

त्यानंतर तिनं रस्ता बदलला. गोदामातून परतताना भडंगाची पुडी आणायला लागली, लग्नाआधी तो आणायचा त्याच दुकानातली. सुरुवातीला कागदावर भडंग ओतून उंबऱ्यात ठेवायची आणि स्वतः अंगणात जाऊन बसायची. तो यायचा, खायचा, आत जायचा. मग ती उंबऱ्याच्या जवळ बसायला लागली. मग कागदाच्या शेजारी हात जमिनीवर उताणा ठेवायला लागली, नुसता रिकामा. हात बघून तो परत फिरायचा, आणि भडंग तसंच सादळायचं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायची. बोलायची नाही. बोलणं हा तिचा पिंड, पण तोंड मिटून बसायची.

वस्तीला विषय मिळाला. पाण्याला जाताना बायका हसायच्या, "काय आम्रपाले, नवऱ्याला परत पटवाय लागलीस व्हय?" कुणी म्हणायची, आमाला एकडाव पटवून पस्तावा झाला, हिला दुसऱ्यांदा हौस आली. आम्रपालीही हसून म्हणायची, पहिल्यांदा फुकट पटलेला, आता भाव वाढलाय. घागर डोक्यावर घेऊन वळली की तिचं तोंड उतरायचं.

श्रावण सरला तेव्हा एका संध्याकाळी धनाजी उंबऱ्यात आला. कागद नव्हता. भडंग तिच्या तळहातावर होतं, हात गुडघ्यावर टेकलेला. तो बराच वेळ बघत उभा राहिला. शेंगदाणे तेवढे दोन बोटांनी उचलले आणि आत पळाला. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. मग पुन्हा दोन दाणे. का येतो, का जातो, त्याला ठाऊक नव्हतं. कालचं काही त्याच्या गाठी नव्हतं. पण अंगाला कुठंतरी हिशेब लागत होता.

तिचीच धांदल उडायची. त्याची बोटं तळहाताला लागली की तिला ती मिटून धरावीशी वाटायची. दुसऱ्या हातानं ती स्वतःचं मनगट दाबून ठेवायची.

दसरा आला. सांगलीतला धम्मदीक्षेचा कार्यक्रम आटोपून प्रशांत टेम्पो घेऊन दारात आला, सोबत लक्ष्मीबाई. आम्रपालीनं धनाजीचे कपडे आधीच पिशवीत भरून ठेवले होते. दसऱ्याची मुदत ती मोडणारी नव्हती. फक्त म्हणाली, एकडाव बघा. तिनं भडंग तळहातावर घेतलं, उंबऱ्याशी बसून हात पुढं केला. दारात प्रशांत, मागं टेम्पोचं इंजिन, शेजारणी माना उंचावून. धनाजीनं हाताकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं आणि तो कोपऱ्यात सरकला.

प्रशांतनं सुस्कारा सोडला. "बघितलं न्हवं वैनी," म्हणाला, तेही हळूच. मग आत जाऊन भावाच्या समोर बसला, चल दादा, गावाकडं जाऊ, असं म्हणत त्यानं धनाजीची दोन्ही मनगटं धरली.

जी किंकाळी उठली ती नदीपलीकडं गेली असेल. धनाजी मान खांद्यात खुपसून आक्रसला होता, मागून काहीतरी येणार म्हणून. मागं तर नुसती भिंत होती. प्रशांतला वाटलं, झटका आला. त्यानं आणखी घट्ट धरलं.

"सोड त्येला." लक्ष्मीबाई होती. ती दारातच खाली बसली होती. "हात सोड, परशा. आसंच धरलं हुतं आमी."

मग तिनं सांगितलं. ज्ञानूला कुणी बोलावलं, विळा कुणाच्या चुलीत तापला. "ही नगो म्हनत हुती. मी धराय लावलं. आणि आजपतुर हिच्यावर ढकलून गप ऱ्हायले."

प्रशांत आईकडं बघत राहिला. मग उठला, टेम्पोवाल्याला इंजिन बंद कर म्हणाला आणि रस्त्याकडेला पाठ करून उभा राहिला. आम्रपालीनं सासूला पाणी दिलं. लक्ष्मीबाईनं तांब्या घेतला आणि तो हातही धरला, दोन्ही हातांनी, पिवळा. दोघी तशाच बसून रडल्या. थोड्या वेळानं धनाजी कोपऱ्यातून उठून आला, सगळ्यांची तोंडं बघितली आणि काळजीनं विचारलं, "कोण गेलं गं आये?"

"कोन न्हाई बाबा," लक्ष्मीबाई म्हणाली. "सगळी हाईत."

तो हरिपूरलाच राहिला. लक्ष्मीबाई अधूनमधून येऊन राहायची. हमालांनी त्या वर्षी एकी करून नियम घातला, की कंदील तळाला टेकलेला दोघांनी बघितल्याशिवाय माणूस उतरणार नाही, हॉर्न कितीही वाजू दे. नानासो मुकादम सगळ्यांच्या आधी हो म्हणाला. धनाजीच्या दारावरून मात्र तो पुन्हा कधी गेला नाही, नदीला जायचं असलं तर वळसा घालून जायचा.

भडंग रोज चालू राहिलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो उंबऱ्यात बसून तिच्या तळहातावरचं सगळं खायला लागला. आणखी एका पावसाळ्यानंतर घाबरून उठला की स्वतःच तिचा हात शोधायला लागला. पण धरायचा तो. तिनं धरायचं नाही. एकदा कपात चहा ओतताना त्याचा हात थरथरला, आणि चटकन सावरायला म्हणून तिनं मनगट पकडलं. पुढचा आठवडा तो कोपऱ्यात होता. तेव्हापासून त्याचा हात तिच्या हातात असला तरी तिची बोटं उघडीच राहायची. लग्नाच्या नवऱ्याचा हात तिनं पुन्हा कधी धरला नाही. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, जिंकलीस गं. ती हो म्हणायची.

सत्त्याण्णवच्या थंडीतली गोष्ट. सुट्टीची दुपार होती, दोघं अंगणात उन्हाला बसली होती. पुडी संपली होती. धनाजी मान वाकडी करून खाजवत होता, पण खाज भागत नव्हती.

"आमे, हितं मानंवर काय झालंय गं?"

हा प्रश्न तो अधूनमधून विचारायचा आणि दर वेळी नव्यानं विचारायचा. तिनं नेहमीचं उत्तर दिलं. "भाजलं हुतं तुमाला. जुनं हाय."

"कोन हुतं तवा माज्याजवळ?"

"मी हुते," ती म्हणाली.

"मग बरं," तो म्हणाला. आणि तिचा उजवा हात उचलून त्यानं आपल्या मानेवर नेला, तिचा तळवा त्या व्रणावर टेकवला. "हितं. जरा खाजीव."

व्रण गुळगुळीत होता, विळ्याच्या पात्यासारखा वाकडा. एवढ्या वर्षांत तिनं त्याला बोट लावलं नव्हतं. ती हलक्या हातानं खाजवत राहिली. त्याची मान हळूहळू सैल पडली, डोळे मिटले, आणि तिच्या हातावरच भार टाकून त्याला बसल्या जागी झोप लागली. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर गेलं. तिचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. तरी तिनं बोटं मिटली नाहीत.